एक टाळी उशिरा

गुरुवार, २ जानेवारी

आले बाई एकदाची सदाशिव पेठेत! खडकी सोडताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. टेम्पोत पुढे बसले, मांडीवर मोगऱ्याची कुंडी, आणि ड्रायव्हर विचारत होता, की आजी, कपाटंसुद्धा मागे टाकलीत, मग या कुंडीनेच काय पुण्य केलं. रस्ताभर हसत आले.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे आणि ती चालते. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, खाली क्लासच्या मुलांच्या स्कूटर एकमेकींना खेटून उभ्या. मंडई जवळ, हॉस्पिटल त्याहून जवळ. हॉस्पिटलसाठीच हा सारा खटाटोप. बाबा दारूगोळा कारखान्यात होते तेव्हापासून आमचं सगळं खडकीतच: क्वार्टर, विहार, कॉन्व्हेंटची शाळा. लग्नानंतरही मी तिथेच राहिले. पण हे गेल्यावर अक्षताने फोनवर हट्टच धरला, की एक तर तू हॉस्पिटलजवळ राहायला जा, नाहीतर मी नोकरी सोडून येते.

अक्षता माझी एकुलती एक लेक. बेंगळुरूला असते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले आहेत. एप्रिलमध्ये बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, पण माहेरच आजारी. म्हणून मीच तिकडे जायचं ठरलं आहे. अट एकच, डॉक्टरांची आणि तिचीही. तोवर माझं हृदय ताळ्यावर यायला हवं.

फाटकावर एक पाटी आहे. ‘सकाळी व सायंकाळी टाळ्यांच्या वेळी बेल वाजवू नये. कोणीही दार उघडणार नाही. एकदा सांगून कळावे.’ पेठेत आल्यासारखं वाटलं अगदी.

रविवार, ५ जानेवारी

आज सकाळी चहा गाळताना चिमणी आली.

माझ्या दुखण्याचं डॉक्टरी नाव लांबलचक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटतो आणि ते नुसतेच थरथरतात, असं त्यांनी चित्र काढून समजावलं होतं. मी त्याला चिमणी म्हणते. शाळेत असताना एकदा चॅपेलमध्ये चिमणी शिरली होती. प्रार्थना चालू, आणि ती तुळयांमधून भिरभिरतेय, काचांवर आपटतेय. आम्ही मुली किंचाळलो. सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, की खिडक्या उघडा आणि गप्प बसा, तिला घाबरवू नका, ती जाईल. गेलीही. माझी ही चिमणी मात्र ऐकत नाही.

रक्त पातळ करण्याची गोळी घेते, ठोक्यांची गोळी घेते, कॉफी सोडली. तरी येते. आणि वैताग दुखण्याचा नाही, वैताग याचा की ते कोणाला दिसत नाही. रिक्षा करून हॉस्पिटलात पोचावं, तर ईसीजीच्या पट्टीवर सगळं सुरळीत. छातीला तारा चिकटवून एक दिवस ते यंत्र वागवलं, तर त्या दिवशी माझं हृदय तपासणीला आलेल्या शाळेसारखं वागलं. यंत्र काढून घरी आले, चप्पल काढली, की चिमणी हजर. जावयांनी हातात घड्याळ बांधलंय, ते नाडी दाखवतं. दर पाच मिनिटांनी त्यात बघते, आणि बघते म्हणून धडधडतं. डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. पण त्यांचं एकच पालुपद: घाबरू नका, घाबरलात की ठोके चुकतात. मी म्हटलं, अहो, ठोके चुकतात म्हणून घाबरते. ते हसले. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

शेजार चांगला आहे. समोरच्या दारात हेमाताई, माझ्याच वयाच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. पहिल्याच दिवशी वाटीभर गाजरहलवा आणि कामवालीचा नंबर दिला. माझ्या जागेत आधी कल्याणीबाई म्हणून राहायच्या, त्यांचंही हृदयच. पुढे विचारलं तर हेमाताईंनी गाजरांचा भाव सांगितला.

खालच्या मजल्यावर श्यामराव. टेलिफोन खात्यात होते. टाळ्यांचा कारभार त्यांच्याकडे. इमारतीतली सगळी वयस्क मंडळी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जमून टाळ्या वाजवतात. बागेत हास्यक्लबवाले करतात तसाच व्यायाम असावा. श्यामराव मला बोलवायला आले. पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. आडनावाशी क्षणभर थबकले आणि मग स्वतःच म्हणाले, की टाळीला आडनाव लागत नाही. मी म्हटलं, मला तालाचं अंग नाही. त्यावर म्हणाले, की आमच्यापैकी कोणालाच नव्हतं, पुण्यात टाळ्या वाजवायची सवय असते कुणाला?

गोड बोलून नाही म्हटलं. एवढ्या माणसांसमोर चिमणी आली तर काय करा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमच्या घरी हा सण नव्हता, पण क्वार्टरमध्ये तिळगूळ सगळ्या घरांतून यायचा आणि फ्रॉकच्या खिशात चिकटून बसायचा. आज हेमाताई मला घेऊन इमारतभर फिरल्या.

पहिल्या मजल्यावर चंद्रभागाआत्या. कोणाच्या आत्या ते कोणालाच सांगता येत नाही. वय विचारलं तर श्यामराव म्हणाले, की ते विचारायचं आता आम्हीही सोडलंय. हस्तिदंती कांती, स्वच्छ पांढरी साडी, आरामखुर्चीत बसलेल्या. हातावर तिळगूळ ठेवताना माझी बोटं सवयीने त्यांच्या मनगटावर गेली. हल्ली मी कोणाचाही हात धरला की बोटं नाडी शोधतात. वेडच लागलंय. पण काय सांगू, त्या हातातला ठोका! शांत, भरलेला, एकासारखा एक. हेवा वाटला. त्यांनी हात सोडवला नाही. माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू त्याही काहीतरी ऐकत होत्या.

शुक्रवार, १७ जानेवारी

दिवस फुकट गेला. मंडईत भाजी घेताना चिमणी आली ती दुपारपर्यंत हलली नाही. मटारवालीच्या गोणपाटावर बसून राहिले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत, अर्थातच, सगळं ठीक. डॉक्टरांनी या वेळी मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. अक्षताला सांगितलं, तर ती हळूच म्हणाली, की आई, राहू दे, तू नको येऊस, इथे बाई ठेवू.

आठ वर्षं वाट पाहिली तिने. आणि तिच्या उशाशी बाई बसणार.

मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी फाडली. उद्या गच्चीवर जाते. टाळ्या तर टाळ्या.

शनिवार, १८ जानेवारी

मजा आली! थंडीचं कोवळं ऊन, अर्धवर्तुळात खुर्च्या, मध्ये आत्या. त्या वाजवत नाहीत, हात मांडीवर. श्यामराव पहिली टाळी देतात, मग सगळे. गाणं नाही, अंक मोजणं नाही, बोलणं नाही. नुसती टाळी. सावकाश, एकामागून एक.

मी अर्थातच चुकले. शाळेत ॲक्शन साँग असायचं, तेव्हा सिस्टर फिलोमिना पियानो थांबवून म्हणायच्या, की सगळ्यांची टाळी झाल्यावर जी वाजते ती सत्यशीलाची. नेहमी एक टाळी उशिरा. शेवटी त्यांनी मला पडदा ओढायला बसवलं. आज तसंच झालं. आणि सगळे इतके दचकले, की मीच ओशाळले. हेमाताईंनी चटकन छातीवर हात नेला. श्यामराव म्हणाले, की हरकत नाही, येईल.

आणि आली. अर्ध्या वाटेवर कधीतरी माझे हात आपोआप त्यांच्याबरोबर पडायला लागले.

रविवार, २६ जानेवारी

लिहायला फुरसत नाही इतकी बरी आहे! आठवडाभर चिमणी नाही. एकदाही नाही. काल डॉक्टरांकडे गेले, पट्टी काढली, त्यांनी ती दोनदा बघितली. इतका नियमित ठोका या वयात विरळा, म्हणाले. मार्चमध्ये बेंगळुरूला जायला हरकत नाही! त्यांच्यासमोरच अक्षताला फोन लावला. रडली पोर.

तिने या आठवड्यात सोनोग्राफीच्या वेळी बाळाचे ठोके फोनवर टिपून पाठवले होते. काय तो वेग! घोडा दौडतोय नुसता. सतरा वेळा ऐकले असतील.

आता रोज संध्याकाळी ती फोन पोटावर ठेवते आणि मी बाळाशी बोलते. आजी काय बोलणार? टाळ्या वाजवते. अक्षता लहान असताना मांडीवर घेऊन वाजवायचे तशा. आज फोन गच्चीवरच नेला आणि सगळ्यांना सांगितलं, की माझ्या नातवंडाला ऐकू द्या. सगळ्यांनी वाजवल्या. अक्षता म्हणाली, की बाळ आधी खूप हललं आणि मग अगदी शांत झालं.

नंतर आत्यांनी हात पुढे केला. फोन मागितला. छातीशी धरून डोळे मिटून बसल्या. मी त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. म्हणाल्या, लहान आहे, लांब चालेल. केवढा आशीर्वाद! हेमाताईंना काय झालं कोण जाणे, उठून कठड्याशी गेल्या.

रविवार, २ फेब्रुवारी

काही तरी चमत्कारिक वाटतं आहे.

आज अक्षताने सोनोग्राफीतला चेहरा पाठवला. नाक थेट यांच्यासारखं. मला आनंद झाला, डोळे भरून आले, पण छातीत काही झालं नाही. हृदय हलतं ना एरवी अशा वेळी? काहीच नाही. ठोका तसाच चालू, शिस्तीत, जणू मला काय दिसलं ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

दुपारी लिफ्ट बंद होती. तीन जिने चढले. धाप लागली, गुडघे दुखले. घड्याळात बघितलं. नाडी जिन्याच्या पायथ्याशी होती तीच.

आधी सारखं बघायचे कारण ठोके चुकायचे. आता बघते कारण चुकत नाहीत. माझ्यासारखी करंटी बाई मीच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हेमाताई चहाला आल्या होत्या. गंमत म्हणून घड्याळ त्यांच्या हातात बांधलं. माझा आकडा आला. वाटलं, घड्याळ बिघडलं. मग त्यांचं मनगट एका हाताने धरलं आणि दुसऱ्याने माझा गळा चाचपला.

एकच. दोन्हीकडे त्याच क्षणाला. तोच ठोका.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात काढून घेतला आणि कप विसळायला उठल्या. पाठमोऱ्या म्हणाल्या, की सत्यशीलाताई, तुम्ही मार्चमध्ये जाणार म्हणालात ना, त्याआधी एकदा जवळपास कुठेतरी जाऊन बघा. त्यांचा मुलगा नागपूरला आहे. नवं घर बांधून त्याला सहा वर्षं झाली. त्यांनी ते अजून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर आत्यांच्या शेजारी बसले. मुद्दाम. त्यांचा हात हातात घेतला.

तोच.

रविवार, ९ फेब्रुवारी

खडकीला जाऊन आले. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी भेटणार होत्या. सकाळची टाळी बुडवून गेले. संगमाच्या पुलापर्यंत ठीक. पुढे हातापायांना मुंग्या. खडकी स्टेशनशी उतरले तेव्हा दोन ठोक्यांमधलं अंतर एवढं वाढलं होतं, की पुढचा येईल की नाही याची वाट बघत उभी होते. चिमणी नव्हे. चिमणी निदान फडफडते. ही नुसती शांतता होती, लांबत जाणारी.

मैत्रिणी स्टेशनच्या दाराशी दिसत होत्या. हात करत होत्या. मी त्याच रिक्षात परत बसले. पेठ जवळ आली तसा एकेक ठोका भरत गेला. इमारतीच्या फाटकाशी सगळे उभे होते, छातीवर हात दाबून, राखेसारखे चेहरे. कोणी रागावलं नाही. श्यामराव एवढंच म्हणाले, की पाटीवर आता हेही लिहायला हवं.

सोमवार, १० फेब्रुवारी

श्यामरावांना गाठलं. सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं, शांतपणे, बिल भरायची तारीख सांगावी तसं.

फार वर्षांपूर्वी कोजागरीला गच्चीवर गाणी होती. आत्या गायल्या. बऱ्या गायल्या, एरवी कोणी टाळी दिली नसती, पण वयाचा मान म्हणून वाजवल्या. आत्या नमस्कार करून खुर्चीत बसल्या आणि मान पडली. तेव्हा इथे एक डॉक्टर राहायचे. त्यांनी नाडी धरली, गेल्या म्हणाले. पण मागच्या रांगेला दिसलंच नाही. ते वाजवत राहिले. आणि आत्यांनी डोळे उघडले. डॉक्टर ओरडले, की थांबू नका.

आधी पाळीपाळीने, अखंड. मग लक्षात आलं, की ताल वाजवणाऱ्याच्या हृदयात उतरतो आणि तिथे चालू राहतो. सकाळ-संध्याकाळ पुरतं मग. घड्याळाला चावी द्यावी तसं. एकदा थांबून बघितलं होतं. आत्यांबरोबर दोघे कोसळले. पुन्हा वाजवल्या, तर आत्या उठल्या. ते दोघे नाही. कल्याणीबाई भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या, घाटातच संपल्या. त्या दिवशी इथे सगळ्यांना कळलं. फोन यायच्या आधी.

शेवटी म्हणाले, पुणेकरांनी जन्मात एकदा उगाच टाळ्या वाजवल्या, बघा कशा अंगाशी आल्या.

मी विचारलं, की मग मला का बोलावलंत? त्यांनी मान खाली घातली. आम्ही थकलोय, म्हणाले. माणसं कमी पडतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा लिहून दिली. पट्टी उत्तम आहे म्हणाले. उत्तम!

इतके महिने दुखणं होतं तेव्हा पट्टी उत्तम. आता पट्टीवरचं हृदय माझं नाही, तरी उत्तम.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

घाबरायचा प्रयत्न करते आहे. हसू येतं लिहिताना. घाबरलात की ठोके चुकतात, हेच ना? मग चुकू देत. तीन कप कॉफी घेतली. कठड्यावरून वाकून खाली बघितलं. यांची शेवटची रात्र आठवली, एक एक गोष्ट, जी मी कधी आठवत नाही. घाम फुटला.

छातीत तोच ठोका. शांत. भरलेला.

भीती आहे, पण तिला जायला जागाच नाही.

काल टाळीच्या वेळी दार लावून पलंगावर बसले. वर सुरू झालं आणि माझे हात उठले. त्यांच्यावर बसले तर जीभ टाळ्याला लागायला लागली, त्याच तालात—

चिमणे, ये गं. किती शिव्या घातल्या तुला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अक्षताला ॲडमिट केलं. बाळाचे ठोके मंदावलेत. कारण सापडत नाही. सोमवारपर्यंत बघणार, नाहीतर सातव्यातच—

तिने आजचे ठोके टिपून पाठवले. आई, तुला काय वाटतं, म्हणाली.

घोडा नाही. दौड नाही. सावकाश. एकामागून एक. मी दुसरा हात गळ्यावर ठेवला.

तोच. तोच. तोच.

मी वाजवल्या टाळ्या. मी फोन नेला वर. मी त्यांच्या छातीशी दिला. लहान आहे, लांब चालेल—

रविवार, १६ फेब्रुवारी

फोनवर टाळ्या बंद केल्या आहेत, काही फरक नाही. एकदा उतरलं की चालूच राहतं.

गच्चीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं. हात जोडले. म्हटलं, आपण सगळे पिकली पानं, ते अजून जन्मलंही नाही. सगळ्यांनी ऐकलं. दोघी रडल्या. श्यामरावांनी चष्मा पुसला. मग वेळ झाली, आणि त्यांनी पहिली टाळी दिली. सगळ्यांनी वाजवल्या. मीही. मीही वाजवल्या!

आत्या माझ्याकडे बघत होत्या. गालांवर रंग आहे त्यांच्या. नवा.

खाली येताना हेमाताईंनी जिन्यात हात धरला. विचारलं, की त्या दिवशी तुमची टाळी उशिरा पडली, तेव्हा माझ्या छातीत काय झालं ठाऊक आहे? सुटल्यासारखं वाटलं, म्हणाल्या. क्षणभर माझं मला परत मिळालं. तसं पुन्हा जमेल का तुम्हाला?

एक टाळी उशिरा. आयुष्यभर तेच तर जमत होतं. आता हातच ऐकत नाहीत.

पण बाळाचे पहिले ठोके माझ्याकडे आहेत. फोनमध्ये. घोडा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गच्चीवर आहे. सकाळचं ऊन. वही मांडीवर, उजव्या हातात पेन घट्ट, म्हणजे टाळीला हात मोकळा नाही. कानात बाळाचे जुने ठोके, आवाज पूर्ण मोठा. डावा हात मांडीवर, टाळी त्यानेच थापायची. शेजारी हेमाताई.

अक्षताला आत्ता ऑपरेशनला नेतील. फोन करते म्हणाली, काहीही झालं तरी.

मला काही झालं तर अक्षता, बाई ठेव. चांगली बघून ठेव. आणि रडू नकोस.

श्यामरावांनी सुरुवात केली.

पेन त्यांच्या तालात ओढतंय. अक्षरं बघ कशी— नाही. ऐक. घोडा ऐक. डावा हात. दौड. दौड.

जमत नाही. पुन्हा.

सिस्टर, पियानो थांबवू नका. माझी टाळी राहिली आहे—

पडली. उशिरा. एकटी.

हेमाताईंचीही. त्यांनी माझ्यानंतर दिली, मुद्दाम, डोळे मिटून— श्यामराव बघताहेत. हात हवेत. रडताहेत का हसताहेत— आता ते पण उशिरा—

कुठेच ताल नाही. पाऊस पडावा तशा टाळ्या. आत्या उठून उभी. मी तिला कधी उभं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे येते आहे. हात पुढे—

मला भीती वाटते. वाटते आहे! छातीत. इथे. फडफड—

आली. आली गं, तुळयांवर आपटतेय, आली माझी चिमणी. खिडक्या उघडा—

हेमाताई माझ्या खांद्यावर पडल्या. श्वास आहे. आहे. डोळ्यांपुढे काळं—

आत्याचा हात थंड. मनगटावर. शोधते आहे. सापडत नाही तिला—

फोन. फोन वाजतोय. अक्षता. उचलते, बाळा, थांब, उचलते, कानात अजून घोडा की हा तुझ्या बाळाचा—